चुलीचा ओटा

आमच्या गावच्या बाजारात चूल पेटवायची परवानगी असलेला ओटा एकच होता. गाव कापसाचं. हंगामात मोताळ्याकडून, धामणगाव बढ्याकडून गाड्यांमागं गाड्या यायच्या, आणि एक ठिणगी उडाली असती तर अख्ख्या बाजाराची होळी झाली असती. म्हणून म्युनिसिपालटीनं ठरवून टाकलं होतं, विस्तव पेटंल तो फक्त विहिरीजवळच्या त्या ओट्यावर. त्याचं लायसन ओट्यासोबतच मिळायचं. ज्याचा ओटा त्याची चूल. त्या ओट्यावर माझी धाकटी जाऊ भजे तळायची.

मी मोठी, ती धाकटी. आमच्या घरात नावानं हाक मारायची रीत नव्हती, म्हणून इथंही मी तिचं नाव लिहीत नाही. ती साखरखेर्ड्याची. तिकडचं बोलणं आमच्यापेक्षा निराळं. आम्ही म्हणू 'मले', ती म्हणे 'मला'. लग्न होऊन आली तेव्हा आम्ही तिला लय चिडवलं, "आली वं पुणेवाली!" ती बिचारी पुण्याला कशाला जाते? पण ती चिडायची नाही, उलट जास्तच 'मला-तुला' करायची.

तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, तापानं गेला. पदरात एक मुलगी. ओटा त्याचाच होता. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी तिनं मला सांगितलं, "बाई, भाऊजींना सांगा, ओटा मी चालवीन. तुमच्या ताटात माझी पोर जेवली तर मला गोडच वाटंल, पण रोज रोज नाही."

'भाऊजींना सांगा' असं म्हणाली, कारण भाऊजींशी ती बोलत नसे. भाऊजी म्हणजे आमचे घरचे, माझा नवरा. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, भासऱ्यासमोर, बाईनं तोंड उघडायचं नाही, पदर नाकाच्या खाली आणायचा, ही आमच्यातली रीत. ते दारात आले की ती भिंतीला लागायची. तिला काही सांगायचं असलं की ते मलाच म्हणायचे, "तिले सांग." ती म्हणायची, "भाऊजींना सांगा." दोघं एकाच खोलीत असले तरी मधे मी. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. इतकी वर्षं हे चाललं की मला वाटायला लागलं होतं, हे दोघं एकमेकांशी बोलतातच. माझ्या तोंडून का होईना, पण बोलतात. त्यांनाही तसंच वाटत असावं. आमचं सगळं वाटोळं ह्या एका गोष्टीनं झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ओट्यावर मात्र तिला पाहावं! तिथं भासरा नव्हता. पदर खोचलेला, हातात झारा, आणि तोंड कसं, नुसती कात्री. गाडीवाले मुद्दाम छेडायचे. "काऊन वं माय, भजे लहान होऊन राह्यले?" ती म्हणायची, "भजं तेवढंच हाये, तुझंच तोंड मोठं झालं." सारा बाजार हसायचा. लोक भज्यासाठी येत की तिच्या बोलण्यासाठी, देव जाणे. मिरचीची भजी, कांद्याची भजी, थंडीच्या दिवसांत कडक चहा. पोरीला शाळेत घातलं. स्वतःच्या कमाईचं लुगडं घेतलं तेव्हा मला दाखवायला घेऊन आली आणि घडी मोडायच्या आधी माझ्या पाया पडली. मी रडले. ती हसली.

दरवर्षी चैत्रात म्युनिसिपालटीचा हर्रास, म्हणजे लिलाव, व्हायचा. ओटे, बसायच्या जागा, कोंडवाडा, बाभळीच्या शेंगा, सगळं बोली बोलून वर्षासाठी द्यायचे. विहिरीजवळच्या लिंबाखाली टेबल टाकायचे, खुर्चीवर सेक्रेटरी साहेब, उभा राहून पुकारणारा कारकून. आणि आमच्या बाजाराची एक रीत होती. विधवेच्या ओट्यावर कोणी बोली चढवायची नाही. कारकून चुलीच्या ओट्याचं नाव घ्यायचा, धाकटी कचेरीनं ठरवलेली सगळ्यांत खालची, सरकारी बोली बोलायची, आणि सारा बाजार चूप व्हायचा. किराणावाले, पानवाला, मोठमोठे अडते, सगळे खाली पाहत उभे. एक वार, दोन वार, तीन वार. ओटा तिचा. लोकांचं चूप बसणं म्हणजेच तिला मदत होती. मग सगळे तिच्याकडं फुकट भजे मागायचे अन् ती द्यायचीसुद्धा.

मग एका वर्षी नागपूरकडून तपासणीवाले साहेब आले. त्यांनी हिशेब पाहिले आणि म्हणाले, हा कसला हर्रास? एक माणूस बोलतो, बाकीचे झाडाकडं पाहतात. गावाचा पैसा बुडतो. त्यातून नवे नियम आले, आणि दवंडीवाल्यानं ते गल्लीगल्लीत ओरडून सांगितले. एकच बोलीदार आला तर ओटा कोणाला सुटणार नाही, निदान दोघांनी नाव लिहून बोलीला उभं राहिलं पाहिजे. ज्याला ओटा पाहिजे त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलायचं, दुसऱ्यानं त्याच्यासाठी नाही. बोललेली बोली मागं घेता येणार नाही. आणि ज्याच्या नावचं लायसन, त्यानं स्वतः ओट्यावर बसायचं.

मला ह्या नियमांना शिव्या द्यायच्या असतात. देतेही. पण खरं सांगायचं तर ते वाईट नव्हते. मोठे अडते आपल्या गड्याच्या नावानं ओटे घ्यायचे अन् गरिबाला दुप्पट भाड्यानं द्यायचे, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच पैशातून आमच्या गल्लीचा कंदील लागायचा, मुलींच्या शाळेतल्या बाईंचा पगार निघायचा. ती शाळा नसती तर मी आज हे लिहिलं नसतं, आणि धाकटीची पोरही तिथंच जात होती. नियम कोणी धाकटीवर टपून केले नव्हते. म्हणूनच कोणाचा गळा धरावा ते मला आजपर्यंत कळलं नाही.

प्रश्न एकच होता, दुसरी बोली कोणी बोलायची? बोलणारा आपला पाहिजे. त्यानं खालची बोली बोलावी, धाकटीनं वर बोलावं, की झालं. आमच्या घरच्यांनी पानवाल्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. सगळ्यांनी कानाला हात लावला. "नको बापा, लोक म्हणतील विधवेच्या चुलीवर डोळा ठेवून राह्यला." मी म्हटलं, मीच बोलते की. तर हे म्हणाले, "एकाच घरच्या दोन बाया बोलल्या तर कारकून म्हणीन नाटक करून राह्यले. माणसाची बोली खरी वाटते. मीच बोलतो. तिले सांग."

मी सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजींना सांगा, त्यांचे उपकार हायेत." मी परत जाऊन तेही सांगितलं. झालं ठरलं. आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. कोणाच्याच नाही! किती वेळा मी ते आठवून कपाळ बडवलं असेल.

त्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात सराव करायची. भाकरी थापता थापता म्हणायची, "चार आणे जास्त, माझे!" मी कारकून व्हायची. "कोणाचे वं बाई?" "माझे!" पोरगी टाळ्या वाजवायची. ती इतकी खणखणीत बोलायची की मी म्हटलं, कारकुनाच्या कानात दडे बसतील.

हर्रासाचा दिवस आला. लिंबाखाली गर्दी. मी तिच्या शेजारी उभी होते. चुलीच्या ओट्याचं नाव निघालं तसा बाजार सवयीनं चूप झाला. आमचे घरचे पुढं झाले, टेबलासमोर उभे राहिले, आणि त्यांनी सरकारी बोली बोलली.  कारकुनानं धाकटीकडं पाहिलं. "हं बाई, तुमची बोली?"

धाकटीचा पदर खाली आला. नाकाच्या खाली, हनुवटीपर्यंत.  मी तिला कोपरानं ढोसलं. "बोल वं!" तिचे ओठ पदराच्या आत हलताना मला दिसत होते. आवाज नाही. समोर भासरा उभा होता ना. जन्मात ज्याच्यापुढं एक अक्षर काढलं नाही त्याच्यापुढं, सगळ्या गावादेखत, त्याच्यावर बोली चढवायची होती तिला.

"एक वार," कारकून म्हणाला.

घरच्यांना तेव्हा कळलं. त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं नाही. ते बाजूला सरकले, पाठ करून उभे राहिले, तिला बोलता यावं म्हणून. पण ते तिथंच होते ना! ज्याची बोली चालू, त्यानं टेबल सोडून जायचं नसतं. मी ओरडले, "चार आणे जास्त, तिचे!" कारकून म्हणाला, "बाई, ज्याची बोली त्याच्या तोंडून आली पाहिजे." मी म्हटलं, "अरे मेल्या, ती भासऱ्यासमोर कशी बोलीन? तुझ्या घरी बाया नाहीत काय?" लोक हसले नाहीत. कारकुनाची मान खाली गेली. त्यानंही थांबता येईल तेवढं थांबून पाहिलं, हे मी कबूल करते. दोन वार म्हणताना तो इतका रेंगाळला की सेक्रेटरी साहेबांनी वर पाहिलं.

त्या वेळी कोणीही मधे बोललं असतं तरी ती वाचली असती. एखाद्या परक्यानं, एखाद्या हलकटानं बोली चढवली असती तर घरचे तिथून निघून गेले असते अन् तिनं त्याला तिथल्या तिथं फाडून खाल्लं असतं, तेवढी जीभ तिच्याजवळ होती. पण बाजार चूप होता. सगळे खाली पाहत होते. तिला मदत करत होते.

तीन वार झालं. नावं दोघांची लिहिलेली होती, नियमाला तेवढं पुरलं. ओटा आमच्या घरच्यांना सुटला.

ते म्हणाले, "साहेब, मी मागं घेतो." साहेब म्हणाले, मागं घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. हर्रास रद्द करायचा तर वर लिहावं लागंल, म्हणाले, आणि वरून विचारतील की घरच्याघरी बोली कशी झाली, मग ओटाही जाईल अन् चूलही. त्यांनीच तोड सुचवली. "लायसनवाला ओट्यावर हजर पाहिजे एवढंच नियम म्हणतो. तुम्ही बसा, त्या तळतील." आम्हाला वाटलं, देव पावला. साहेबांना आशीर्वाद देत बाहेर आलो.

धाकटीनं रात्रीच्या जेवणाला बसताना मला म्हटलं, "बाई, आवाज आलता वो तोंडापर्यंत. आलता." मी म्हटलं, जाऊ दे, एक वर्ष काढू. पुढच्या चैत्रात मी बोलीन तुझ्यावर, अन् तू मले हरवजो. ती हसली.

तर मग असं झालं. हे ओट्यावर बसायला लागले. त्यामुळं मळ्याचं काम माझ्यावर आलं. वांगी, मेथी, मिरच्या, पाणी देणं, सगळं. मी सकाळी मळ्यात जायची ती दिवस कलता घरी. आणि ते दोघं दिवसभर त्या एका ओट्यावर. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यामधे मी नव्हते.

हे बिचारे तिला मोकळं वाटावं म्हणून ओट्याच्या कडेला, रस्त्याकडं तोंड आणि तिच्याकडं पाठ करून बसायचे. माझ्या नवऱ्याचा स्वभाव तसाच. पाठ दुखली तरी वळून बघणार नाहीत. पण तिचा पदर काही वर गेला नाही. तापलेल्या कढईवर हनुवटीपर्यंत पदर ओढून ती तळायची. पदराच्या फटीतून एका डोळ्यानं तेल पाहायची. मी म्हणायची, "अवं, ते पाहूनसुद्धा नाही राह्यले. वर घे की पदर." ती म्हणायची, "भाऊजी बसलेले असतात वो बाई." संपलं.

बोलणं तर बंदच झालं. गाडीवाल्यानं छेडलं तर खाली मान. काही दिवसांनी गाडीवाल्यांनी छेडणं सोडलं. भजे तेच, तेल तेच, पण तिच्या ओट्यावर आता कोणी रेंगाळायचं नाही. घ्यायचे अन् जायचे. काही लागलं तर ती कढईच्या काठावर झारा वाजवायची. टणटण वाजलं की हे समजायचे, पाणी पाहिजे, किंवा बेसन पाहिजे. न वळता हात मागं करून तांब्या सरकवून द्यायचे. घरी मला कौतुकानं सांगायचे, "लय छान जमून राह्यलं आमचं. झारा वाजला का मले समजते." मलाही बरं वाटायचं. दोघांनी आपली भाषा शोधली म्हणून.

तो दिवस कापसाच्या मोठ्या बाजाराचा होता. वारा होता. मी मळ्यात होते, म्हणून पुढचं मला पानवाल्यानं सांगितलं, अन् सांगताना तो तोंडात पदरासारखं धोतराचं टोक कोंबून रडत होता. खालून विस्तवाचा लोळ वर आला आणि तिचा लोंबता पदर धरला. ती ओरडली नाही. तिनं झारा वाजवला.

कढईवर झारा वाजवत राहिली. टणटण, टणटण. आणि आमचे घरचे रस्त्याकडं पाहत, मनाशी म्हणत असतील, आज घाई दिसते तिला, त्यांनी सवयीनं हात मागं करून पाण्याचा तांब्या सरकवला. पाणी तिथं होतं हो! तिच्या हाताजवळ होतं. पण तोवर मान, गळा, छाती सगळं पेटलं होतं. पानवाला बोंबलला तेव्हा हे वळले. विहीर हाकेवर. लोकांनी बादल्या ओतल्या. ओट्याची जागा विहिरीजवळ का ठेवली ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. कापसाची एक गाडीही जळली नाही. बाजार वाचला.

तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मी मळ्यातून तशीच चिखलाच्या पायांनी धावत गेले. तिला केळीच्या पानावर निजवलं होतं. कंपाउंडर माझ्याशी नजर मिळवत नव्हता. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "अवं, ओरडली काऊन नाहीस? काऊन नाही ओरडलीस माय?"  मला उत्तर ठाऊक होतं. तरी विचारत राहिले. एखाद्याला मारावं तसं विचारत राहिले.

घरचे खोलीच्या दाराबाहेर उभे होते. आत आले नाहीत. ती निजलेली, अंगावर धड कपडा नाही, अन् ते भासरा. दाराच्या चौकटीला कपाळ लावून उभे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसेच. पोरीला मी शेजारणीकडं ठेवलं होतं. ती पोर पुढं माझ्याचकडं वाढली. आज तिला नातवंडं आहेत. तिचा आवाज फार मोठा आहे, लोक नावं ठेवतात. ठेवू द्या. तो मी मुद्दाम मोठा केला. लहानपणी कोणी थोरलं माणूस दारात आलं अन् ती गप्प झाली, की मी तिला चिमटा काढून बोलायला लावायची.

दुपारी धाकटीनं डोळे उघडले. दाराकडं पाहिलं. आणि म्हणाली, "भाऊजी."

मला वाटलं मलाच भास झाला. घरचे दचकून आत आले, आणि सवयीनं माझ्याकडंच पाहिलं. "काय म्हणते वं ती?"

"मले काय विचारता," मी म्हटलं. "तुमालेच बोलून राह्यली."

ते तिच्याजवळ गेले. पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं पाहिलं त्यांनी. तिच्या तोंडावर पदर नव्हता. पदर उरलाच नव्हता.

"भाऊजी," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण स्पष्ट होता. "चार आणे जास्त. माझे."

हे खाली बसले. जमिनीवरच. त्यांनी हात जोडले, आणि कारकून पुकारतो तसं म्हणाले, "एक वार. दोन वार. तीन वार. तुलेच सुटला वं माय. तुझाच ओटा."

तिनं मान हलवली. मग दोघं एकमेकांकडं पाहत राहिले, ती जाईपर्यंत. मी तिथंच उभी होते. मला कोणी कोणाला काही सांगायला सांगितलं नाही.